फीडरचा ब्रेक आणि कॉलरची कड : वागळे इस्टेटमधील एका दुरुस्तीकामाचा अनुभव

रबाळे एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात पोलो टी-शर्टच्या कॉलर आणि कफ विणले जातात. 14 गेजची चार संगणकीय फ्लॅट निटिंग मशीन, दोन पाळ्या आणि जून जवळ आला की शाळांच्या गणवेशांचे काम, एवढाच आमचा पसारा आहे. गेल्या मे महिन्यात ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका छोट्या कार्यशाळेकडून आम्ही एका मशीनच्या आठही फीडरचे ब्रेक नव्याने बसवून घेतले आणि दिवाळीनंतर दुसऱ्या मशीनचेही. त्या कामावरून एक पूर्ण पावसाळा आणि एक हिवाळा गेल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे, कारण मुठीत मावेल एवढ्या या भागापायी कॉलरचा धंदा करणाऱ्या अनेकांचे सूत आणि दिवस वाया जाताना मी पाहिले आहेत.

ज्यांचा या यंत्राशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. फ्लॅट निटिंग मशीनमध्ये सुयांचे दोन बिछाने उलट्या व्ही अक्षरासारखे एकमेकांकडे कललेले असतात आणि त्यांच्यावरून सुया चालवणारी कॅरेज डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे धावत असते. सुयांच्या वर आडव्या रेल असतात आणि त्या रेलवरून सरकणारा फीडर सूत नेऊन सुयांच्या तोंडाशी देतो. फीडरला स्वतःची गती नसते. कॅरेजमधील एक पिन त्याच्या खाचेत उतरते, त्याला ओढत नेते आणि विणीची कड आली की वर उचलली जाते. त्या क्षणी फीडर सुटतो, पण सुटला म्हणून थांबत नाही. अंगात असलेल्या वेगाने तो पुढे घसरत जातो. त्याला ठरल्या जागी उभा करण्याचे काम ब्रेकचे आहे. बहुतेक मशीनवर हा ब्रेक म्हणजे फीडरच्या पेटीत बसवलेला, स्प्रिंगने रेलवर दाबला जाणारा एक लहानसा शू असतो.

कॉलरच्या कामात या शूला जे महत्त्व येते ते स्वेटरच्या कामात तितके येत नाही. स्वेटरचे भाग जोडताना कडा शिलाईत जातात. पोलोच्या कॉलरची आडवी बाजू गळ्यात शिवली जाते, परंतु तिची दोन टोके, म्हणजे मशीनवर जिथे फीडर थांबतो आणि परत फिरतो त्याच दोन कडा, गुंड्यांच्या पट्टीच्या वर, घालणाऱ्याच्या गळ्यापाशी उघड्या दिसतात. फीडर पुढे घसरला तर वळणावर जास्तीचे सूत सुटते आणि कडेचे टाके सैल, कान फुटल्यासारखे दिसतात. तो अलीकडेच थांबला तर शेवटच्या सुईला सूत मिळत नाही आणि टाका गळतो. कॉलरवर रंगीत रेघा असतील तर दोन-तीन फीडर पाळीपाळीने कामाला येतात, आणि त्यांतील प्रत्येकाची थांबण्याची तऱ्हा वेगळी असल्यास एकाच कॉलरच्या कडेवर ती वाचता येते.

आता मुख्य मुद्दा. संगणकीय मशीनवर प्रत्येक फीडर किती आधी सोडायचा याचे अंतर भरण्याची सोय असते. एखादा फीडर सुटल्यावर नेमाने 10 मिलिमीटर घसरत असेल तर त्याला 10 मिलिमीटर आधी सोडावे, की झाले. म्हणजे जास्त घसरणे हा स्वतःहून दोष नाही. तोच फीडर कधी 6 आणि कधी 13 मिलिमीटर घसरत असेल, तर मात्र कोणताही आकडा भरून उपयोग होत नाही. 14 गेजला एका इंचात 14 सुया, म्हणजे दोन सुयांत जेमतेम 1.8 मिलिमीटर अंतर. सात मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ चार सुयांची चूक. ब्रेक किती घट्ट धरतो यापेक्षा तो दर खेपेला तितकाच धरतो का, हे पाहायला हवे. हे मला समजायला तीन वर्षे लागली, आणि त्या तीन वर्षांत आम्ही नेमका उलटा उपाय करत होतो.

आमच्याकडे पूर्वी येणारा मेकॅनिक तक्रार केली की स्प्रिंग आवळून जात असे. दोन-चार दिवस कडा सुधारत. मग फीडर जड झाल्यामुळे कॅरेजची पिन त्याला हिसका देऊन ओढू लागे, पिनचे टोक आणि खाचेची धार झिजून गोल होई आणि एखाद्या रात्रपाळीत पिन मध्येच निसटून फीडर वाटेत उभा राही. कॅरेज रिकामीच पुढे गेली की सुया जुने टाके सोडून देतात आणि विणलेली सगळी पट्टी खाली उतरते. गणवेशाच्या हंगामात अशी पट्टी पहाटे जमिनीवर पडलेली पाहणे काय असते, ते ज्याचे त्याला ठाऊक.

सासरे सांगत की त्यांच्या हातमशीनवर हा प्रश्न नव्हता. अमेरिकेतील आयझॅक लॅम्ब यांच्या 1863 सालच्या यंत्रापासून चालत आलेल्या त्या घडणीच्या हातमशीनवर रेलवर ठोकळे आवळलेले असतात. फीडर ठोकळ्याला टेकतो, पिन त्यावरून घसरून पुढे जाते आणि कड दर ओळीला त्याच ठिकाणी पडते. परंतु हाताचा वेग बेताचा असतो आणि रुंदी बदलायची तर ठोकळे सोडून पुन्हा बसवावे लागतात. संगणकीय मशीनवर कॅरेज सेकंदाला मीटरभर धावू शकते आणि इथे एक हिशेब निमूटपणे आड येतो : ब्रेकची पकड तीच ठेवून वेग दुप्पट केला तर घसरण चौपट होते. म्हणून घाईच्या दिवसांत वेग वाढवला की कडा बिघडतात आणि दोष मात्र सुताला किंवा कामगाराला दिला जातो.

वागळे इस्टेटमधील कार्यशाळेचे नाव मला एका ओळखीच्या सुया विकणाऱ्याने सांगितले. आठ फीडर पत्र्याच्या डब्यात घालून मी रबाळ्याहून ठाण्याची गाडी पकडली आणि तिथे पोहोचले. तिथल्या मिस्त्रींनी फीडर उघडण्याआधी विचारले, "ताई, रेल कशाने पुसता?" मी सांगितले की पावसात गंज चढू नये म्हणून मुले तेलाच्या फडक्याने पुसतात. मग त्यांनी विचारले, "सकाळी कडा सैल येतात आणि दुपारी टाके गळतात, असं होतं का?" असेच होत होते. सकाळी रेल तेलकट असल्यामुळे फीडर लांब घसरायचा. तीन-चार तासांत शू तेल पुसून काढायचा आणि घसरण कमी व्हायची. दुपारी भरलेला आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी खोटा ठरायचा. त्यातच कापसाची उडणारी पूड तेलात कालवली जाऊन शूवर काळा थर बसलेला होता. आमच्या चुकीचे मूळ कुठे आहे हे त्यांनी फीडरला हात न लावता ओळखले, आणि या सेवेविषयीचे माझे चांगले मत तिथूनच सुरू होते.

दोन दिवसांनी ते मशीन पाहायला स्वतः रबाळ्याला आले. रेलवरून बोट फिरवत त्यांनी दोन जागा दाखवल्या, जिथे पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत झाला होता. आम्ही वर्षानुवर्षे त्याच दोन मापांच्या कॉलर विणत असल्याने फीडर रोज हजारो वेळा त्याच जागी थांबत होता आणि रेल तिथेच झिजली होती. माप बदलले की फीडर न झिजलेल्या भागावर थांबे आणि त्याची घसरण बदले. त्यांनी रेल उतरवून बारीक पॉलिशने सर्व लांबीवर सारखी करून घेतली, तेलाऐवजी कोरडे फडके आणि आठवड्यातून एकदा तेलाचा अगदी पुसटसा हात एवढाच नियम घालून दिला. हे काम मूळ ठरलेल्या कामात नव्हते. त्याचे वेगळे पैसे घेतले, पण आधी सांगून घेतले.

फीडरमध्ये त्यांनी दोन प्रकारचे ब्रेक बसवले. सहा फीडरना साधा, सदैव रेलवर दाबलेला शू, मात्र जुन्या पोलादी पट्टीच्या जागी घट्ट प्लास्टिकचा आणि दोन्ही बाजूंनी सारखा दाब देणारा. रेघांच्या रंगासाठी असलेल्या दोन फीडरना दुसरा प्रकार : पिन खाचेत उतरली की ती आत एक छोटी कळ दाबते आणि शू रेलवरून उचलला जातो, पिन वर गेली की स्प्रिंग त्याला पुन्हा रेलवर आणून दाबते. यात फीडर धावताना हलका राहतो आणि थांबताना मात्र पकड कडक ठेवता येते, म्हणून घसरण निम्म्याच्या आसपास आली. शिवाय थांबलेला फीडर जागचा हलत नाही, ही गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे. बाजूचा टेन्शन दांडा सूत सतत मागे ओढत असतो आणि कॅरेज उलटी फिरताना सगळे मशीन हादरते; ब्रेक सैल असेल तर उभा केलेला फीडरही हळूहळू सरकत जातो.

प्रत्येक फीडर त्यांनी टेबलावरील रेलच्या तुकड्यावर एकाच वेगाने सोडून, दोन्ही दिशांना वीस-वीस वेळा थांबवून दाखवला. मी मशीनवर कागदी मोजपट्टी चिकटवून स्वतः खुणा केल्या. पूर्वी एकाच फीडरच्या थांबण्याच्या जागांमध्ये सात मिलिमीटरपर्यंत अंतर पडत होते. काम झाल्यावर ते दोन मिलिमीटरच्या आत आले आणि ऑगस्टच्या दमट दिवसांतही तिथेच राहिले. सकाळी आकडे बदलण्याचे काम थांबले. कडेमुळे बाजूला काढाव्या लागणाऱ्या कॉलर इतक्या कमी झाल्या की त्यासाठी ठेवलेली टोपली आता शिलाई विभागात वापरतात.

उणिवाही स्पष्ट लिहिल्या पाहिजेत. कळेच्या ब्रेकमध्ये कापसाची पूड अडकते. सप्टेंबरमध्ये एका फीडरची कळ दाबलेल्या अवस्थेतच रुतली, शू खाली आलाच नाही आणि फीडर सुटल्यावर सरळ जाऊन शेजारच्या फीडरवर आदळला. दोघांची टोके वाकली आणि सहा सुया मोडल्या. कार्यशाळेने फीडर विनामूल्य दुरुस्त केले, सुयांचा खर्च आम्ही सोसला. दर पाळीला हवेच्या झोताने कळ साफ करावी लागते हे त्यांनी काम देतानाच सांगायला हवे होते. कोणत्या फीडरला कोणती स्प्रिंग किती आवळली याची नोंदही ते देत नाहीत. सगळे मिस्त्रींच्या डोक्यात असते. आम्ही आता प्रत्येक फीडरवर रंगाचा ठिपका देऊन वही ठेवली आहे. चार दिवसांचे सांगितलेले काम पहिल्या खेपेला अकरा दिवसांनी हाती आले, तेही मे महिन्यात, जेव्हा आमच्याकडे एक दिवसही सुटा नसतो.

खर्च नव्या फीडरच्या किमतीच्या साधारण चौथा हिस्सा पडला. याला पर्याय म्हणजे घर्षणाच्या ब्रेकची गरजच नसलेली यंत्रे. जर्मनीतील स्टोल कंपनीच्या एडीएफ मालिकेत फीडर कॅरेजला जोडलेलेच नसतात; प्रत्येकाला स्वतःची मोटर असते, ती त्याला नेते आणि तीच त्याला थांबवते. एकाच तुकड्यात अनेक रंग विणणाऱ्यांना त्या यंत्रांचा फार उपयोग होतो. दोन रेघांच्या कॉलरसाठी ती घेणे आमच्यासारख्यांना परवडत नाही आणि त्याची आवश्यकताही नाही; रेल सारखी आणि कोरडी असेल व शू नीट बसलेला असेल तर साधा ब्रेक हे काम चोख करतो. माझ्या मते साधा प्रकारच आधी करून घ्यावा आणि कळेचा ब्रेक फक्त त्या फीडरना बसवावा, ज्यांना दाटीत, इतरांच्या शेजारी थांबावे लागते.

तिसऱ्या मशीनचे आठ फीडर मी गेल्या शनिवारी देऊन आले. या वेळी त्यांच्यासोबत त्याच मशीनच्या बदललेल्या जुन्या रेलचा फूटभर तुकडाही दिला आहे, म्हणजे टेबलावरची परीक्षा आमच्याच रेलच्या पृष्ठभागावर होईल. आणि एप्रिल उजाडण्याआधी फीडर परत हवेत, हे यंदा पावतीवर लिहून घेतले आहे.