सिक्युअरड्रॉप: स्रोताला आडोसा, संपादकाला नाही

फुटलेली सरकारी कागदपत्रं घेण्यासाठी वृत्तसंस्थेनं सिक्युअरड्रॉप, म्हणजे माहिती देणाऱ्याला (स्रोताला) ओळख न सांगता कागद टाकता येणारी ऑनलाइन पेटी, बसवावं का? स्रोताचा माग पुसण्याचं काम ते चोख करतं. कागद हाती घेणाऱ्यावरची जोखीम मात्र जिथल्या तिथे राहते, आणि बसवणाऱ्यांच्या हे उशिरा ध्यानात येतं.

सॉफ्टवेअर फुकट आहे, पण सामान बरंच लागतं: दोन सर्व्हर, वेगळी फायरवॉल, टेल्सचे (वापराचा माग न ठेवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे) पेनड्राइव्ह आणि नेटला कधीच न जोडायचा लॅपटॉप. सर्व्हर क्लाउडवर ठेवायचे नाहीत, स्वतःच्या ताब्यातल्या कुलूपबंद खोलीत हवेत. स्रोत टोर ब्राउझरमधून, म्हणजे आपला ठावठिकाणा लपवणाऱ्या ब्राउझरमधून, येतो. त्याला सात शब्दांचा संकेत मिळतो आणि तोच वापरून तो पुढे उत्तरं वाचतो. एका फाइलला ५०० एमबीची मर्यादा आहे. आयपी पत्ता नोंदवला जात नाही. फाइल उघडायची किल्ली फक्त त्या नेटविना लॅपटॉपवर असते.

खरा कायदेशीर फायदा इथेच आहे. जे नाव आपल्यालाच ठाऊक नाही, ते कोर्टानं मागितलं तरी देणार कुठून? भारतात याचं मोल मोठं, कारण प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ च्या कलम १५(२) मधलं स्रोताचं संरक्षण कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतंच आहे.

आता जे हे यंत्र करत नाही ते. ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट, १९२३ चं कलम ५ छापण्याच्या आधीच लागू होतं: कायदा मोडून दिला जातोय हे माहीत असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना, गुप्त सरकारी कागद स्वेच्छेनं घेणं हाच गुन्हा आहे. आयटी कायद्याचं कलम ६६ब चोरीचा डेटा अप्रामाणिकपणे घेण्या-ठेवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं. राफेल प्रकरणात १० एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं फुटलेली कागदपत्रं विचारात घ्यायला होकार दिला, तो पुराव्यापुरता. पत्रकाराला मिळालेलं अभयपत्र म्हणून तो निकाल वाचू नये.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे स्रोताला उत्तर लिहायची खिडकी. ‘पुढची पानंही काढून पाठवा’ असं एक वाक्य लिहिलंत, की घेणारा चिथावणी देणारा ठरू शकतो. कागद खरा आहे का एवढंच विचारावं, आणि तेही वकिलानं मजकूर पाहिल्यावर.

दुसरी चूक पडताळणीत होते. २०१७ मध्ये अमेरिकेत रिॲलिटी विनर यांनी द इंटरसेप्ट या वृत्तसंकेतस्थळाला टपालानं पाठवलेल्या गुप्त सरकारी अहवालाची प्रत पडताळणीसाठी सरकारला दाखवली गेली. घड्यांवरून तो प्रिंट काढलेला असल्याचं कळलं, आणि त्याची प्रिंट काढणारे सहाच जण निघाले. म्हणून मूळ फाइल कोणालाही दाखवू नका. मजकूर नव्याने टाइप करूनच प्रश्न विचारा.

पेटी रोज तपासणारा माणूस आणि हाकेला येणारा वकील असेल, तर जरूर बसवा. दोन्ही नसतील, तर आत्ता नको: न उघडलेल्या पेटीत कोणीतरी आपली नोकरी पणाला लावून टाकलेला कागद पडून राहील.