'एकोज'ची दुसरी डिस्क गाडीत अडकली: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

७८० रुपयांत २६ गाणी, म्हणजे गाणं तीस रुपयांना पडलं. असा हिशेब करून जानेवारीत पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'एकोज' हा निवडक गाण्यांचा दोन सीडींचा संग्रह घेतला. सेकंडहँड. नागपुरात सीताबर्डीला जुनी पुस्तकं चाळत होतो, त्यांच्याखाली दबलेला मिळाला. डबीला तडा, पुस्तिका शाबूत. बँडची याहून जास्त ओळख करून देत बसत नाही.

घेतला तो माझ्यासाठी नाहीच. भाचा इंजिनीअरिंगसाठी आमच्याकडे राहतो, त्याचं कॉलेज वर्धा रोडवर. मी ऑफिसला बुटीबोरीला जाताना त्याला सोडतो. वाटेत मनीष नगरला ऑफिसातले एक सहकारी गाडीत बसतात. गाडी जुनी, यूएसबीचं भोक केव्हाच मेलेलं, चालतं ते फक्त सीडीचं. म्हटलं, पोराला वळण लावायचं तर संग्रहापासून सुरुवात करू.

खरं तर संग्रह या प्रकारावर माझा राग जुना आहे. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा अल्बम एका दमात ऐकायचा, त्यातली चार गाणी उचलून दुसऱ्या चार गाण्यांशेजारी बसवायची म्हणजे पाहुण्याला सावजी खानावळीत नेऊन चमच्याने नुसती तर्री चाखवायची. आणि 'एकोज'मध्ये तर कात्रीही चालवली आहे. ज्या गाण्याचं नाव संग्रहाला दिलं, ते मूळ साडेतेवीस मिनिटांचं. इथे सात मिनिटं कमी.

पण कात्रीचंही मी सहन केलं असतं. सहन झालं नाही ते 'टाइम'. १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'वर 'टाइम' संपलं की 'द ग्रेट गिग इन द स्काय'चा पियानो येतो. माझ्या कानाला तीस वर्षांची सवय. इथे 'ग्रेट गिग' पहिल्या डिस्कवर आणि 'टाइम' दुसऱ्या! 'टाइम' विरतं, कान पियानोकडे वळतात आणि सुरू होतं १९८३ च्या अल्बममधलं 'द फ्लेचर मेमोरियल होम'. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसा पाय हवेत राहतो. दर वेळी. आठ महिने झाले, अजून राहतो. दुसऱ्या डिस्कच्या पहिल्या महिन्यात मी हे भाच्याला इतक्यांदा सांगितलं की 'टाइम' संपत आलं की तो आधीच म्हणायचा, "आता मामाचा पियानो येणार नाही."

जानेवारी ते मार्च मी पहिलीच डिस्क जास्त लावली, कारण 'अनदर ब्रिक इन द वॉल' तिच्यावर आहे. सहकारी खूश. ते गाणं त्यांना कॉलेजपासून पाठ, "मला पिंक फ्लॉइड माहीत आहे" हेही त्यांचं पाठच. गाणं आलं की स्टिअरिंगशेजारी ठेका धरायचे, संपलं की मोबाइल काढायचे. भाचाही तसाच. त्यानं ते रीलमध्ये ऐकलेलं. बाकी बारा गाणी खिडकीबाहेर गेली. तीन महिन्यांनी माझं मत पक्कं झालं: संग्रह नव्या ऐकणाऱ्याला दारापर्यंत आणतो, दारातच चहा पाजतो आणि परत पाठवतो.

एप्रिलच्या मध्यावर दुसरी डिस्क घातली. ती बाहेर आलीच नाही.

बटण दाबलं की आत घर्र-घर्र, मग पुन्हा पहिलं गाणं सुरू. रेडिओ लावला तर गाडी बंद-चालू केल्यावर परत सीडी. सर्व्हिस सेंटरला नेली. नाव लिहीत नाही. त्यांनी दोन तास गाडी ठेवून घेतली आणि पूर्ण युनिट बदलण्याचं १८,००० चं एस्टिमेट हातात ठेवलं. "सर, डिस्कवर काही लेबल वगैरे लावलं होतं का?" असं त्या पोराने विचारलं. मी चिडून "अजिबात नाही" म्हटलं. वर तक्रारवहीत अर्धं पान लिहून आलो. या प्रश्नाकडे पुढे येतोच.

तर एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत गाडीत एकच डिस्क. सव्वा तासाहून थोडी जास्त, संपली की आपोआप पुन्हा पहिल्यापासून. जे काय ऐकायचं ते हेच, नाहीतर ४५ डिग्रीत काच खाली करून ट्रकचे हॉर्न.

ही डिस्क सुरू होते 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'ने. इथे साडेसतरा मिनिटं. मूळ 'विश यू वेअर हिअर' अल्बमवर दोन भागांत मिळून सव्वीसच्या आसपास. त्रिमूर्ती नगरहून निघायचं, खामला येईपर्यंत नुसती गिटार आणि कीबोर्ड. पहिल्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, हा माणूस गाणं म्हणते केव्हा?" सहकारी तर तिसऱ्या दिवशी कळवळून म्हणाले, "ते शाळेवालं नाही का यात?" नाही. 'अनदर ब्रिक' पहिल्या डिस्कवर, आणि पहिली डिस्क घरी टीव्हीच्या कपाटात.

रविवारी आईला टेकडीच्या गणपतीला नेलं, तेव्हा 'टाइम'मधली घड्याळं एकदम ठणठणली. मागे आई दचकली. "गॅसवर काही ठेवलं होतं का गं?" ती बायकोला विचारत होती. ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्स यांनी ती घड्याळं जुन्या वस्तूंच्या दुकानात एकेक करून रेकॉर्ड केली होती, हे मी आईला समजावायला गेलो. ती म्हणाली, "मग दुरुस्त करून घ्यायची." बायकोला फक्त 'हाय होप्स' आवडलं, तेही घंटेमुळे. त्याला ती "देवळातलं" म्हणते.

मे संपता संपता भाच्याने एक प्रश्न विचारला आणि माझं मत हललं. "मामा, मधेच हे एवढं जुनं गाणं का टाकलं?" त्याचा रोख 'अर्नोल्ड लेन'वर होता. मी सवयीने म्हणालो, यांना क्रम लावता येत नाही. आणि मग सिग्नलला उभा असताना तो क्रम पहिल्यांदा नीट ऐकला. 'अर्नोल्ड लेन' म्हणजे १९६७, बँडचं पहिलं सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, बँडचा सुरुवातीचा गायक-गीतकार सिड बॅरेटचं. त्याला लागून १९७५ चं 'विश यू वेअर हिअर'. त्याला लागून 'जगबँड ब्लूज', १९६८, बँडच्या अल्बमवरचं सिडचं शेवटचं गाणं. म्हणजे दोन्हीकडे सिड आणि मधे त्याची आठवण काढणारे मित्र. मानसिक प्रकृती ढासळल्यावर १९६८ मध्ये तो बँडबाहेर पडला. १९७५ मध्ये त्याच्यावरच्याच 'शाइन ऑन'चं मिक्सिंग चालू असताना तो अचानक अ‍ॅबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला, जाड झालेला, भुवया काढलेला, आणि बराच वेळ कोणी ओळखलंच नाही.

ही गोष्ट मला तीस वर्षं माहीत होती. पण ही तीन गाणी शेजारी बसलेली मी कधी ऐकली नव्हती, कारण ती तीन वेगळ्या ठिकाणी आहेत आणि मी अल्बम मोडून ऐकायचं नाही असा सोवळेपणा पाळत आलो. ज्या कात्रीला शिव्या घातल्या, तिनेच हे जमवलं.

आणि आमच्या बिघडलेल्या गाडीने त्यावर कडी केली. डिस्कचं शेवटचं गाणं 'बाइक', तेही सिडचंच, १९६७ चं. त्याच्या शेवटी बदकांनी ओरडावं तसा विचित्र आवाज फिरत राहतो. तो विरतो आणि डिस्क परत पहिल्यापासून: 'शाइन ऑन'चा तो लांब, धूसर सूर. सिड, आणि लगेच सिडवरचं गाणं. डिस्क नीट बाहेर आली असती तर हे जुळलेलं मला कधी ऐकूच आलं नसतं. भाच्याला ही गोष्ट बदकांपासून सुरू करूनच सांगितली. पठ्ठ्याने त्याच रात्री 'विश यू वेअर हिअर' अल्बम अख्खा ऐकला, मग १९६७ चा पहिला अल्बम. आठवड्याने माझ्यावरच डाफरला, "तुम्ही मला अर्धं 'शाइन ऑन' ऐकवून राहिले होते!"

आता जरा स्वतःबद्दल. अल्बम-अल्बम करणारा मी या बँडपर्यंत आलो कसा? नव्वदच्या दशकात सीताबर्डीला कोरी कॅसेट नेऊन दिली की दुकानदार गाणी भरून द्यायचा. माझ्या ९० मिनिटांच्या कॅसेटच्या 'ए' बाजूला मित्राने यादी दिलेली पाच फ्लॉइडची गाणी होती, 'बी' बाजूला ईगल्स हा अमेरिकन बँड. पाचवं गाणं टेप संपल्यामुळे मधेच तुटलेलं. ते पुढे कसं जातं हे कळावं म्हणून मी पहिला पूर्ण अल्बम विकत घेतला. संग्रहाच्या कात्रीवर बोलायचा मला तसा अधिकारच नाही, पण 'टाइम'बद्दल मी बोलणारच.

ईगल्सवरून आठवलं. सहकाऱ्यांशी माझा वाद झाला. त्यांचं म्हणणं, मोठं गाणं नसेल तर नवा माणूस येईलच कशाला? मी म्हटलं, ईगल्सचा १९७६ चा हिट गाण्यांचा संग्रह २०१८ मध्ये अमेरिकेत ३८ वेळा प्लॅटिनम (विक्रीचा मानाचा शिक्का) ठरला आणि त्यात त्यांचं सगळ्यांत गाजलेलं 'हॉटेल कॅलिफोर्निया' नाही, कारण तो अल्बम त्याच वर्षी नंतर, डिसेंबरमध्ये आला. मोठं गाणं हाताशी असलं की माणूस तिथेच बसून राहतो. तुम्हीच बघा, म्हटलं, तीन महिने ठेका धरला आणि पुढे एक पाऊल नाही. त्यांनी कानात इअरफोन घातले. भाच्यावरही परिणाम झाला तो पहिली डिस्क कपाटात राहिली म्हणूनच, असं माझं आजचं मत आहे. चार श्रोत्यांत एक आत आला. ३० रुपये दराने हे वाईट नाही.

सप्टेंबरात शेजाऱ्यांनी सांगितलेल्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने डॅशबोर्ड उघडला, चिमट्याने डिस्क काढली आणि माझ्यासमोर धरली. "साहेब, कागद फसला होता." उन्हाने सुटून गुंडाळी झालेला, बोटाएवढा पांढरा स्टिकर. त्यावर निळ्या पेनाने लिहिलेला '२'. अक्षर माझंच. डबी फुटकी, दोन्ही डिस्क सारख्या दिसतात, म्हणून जानेवारीत मीच चिकटवला होता. सर्व्हिस सेंटरच्या त्या पोराची तक्रार मागे घ्यायला अजून गेलेलो नाही.

मिस्त्रीने ३५० घेतले. डिस्कच्या कडेला अर्धवर्तुळाकार ओरखडा आहे, त्यामुळे 'हाय होप्स'ची घंटा अडखळते आणि 'बाइक' पहिल्याच ओळीवर अडकतं. बदकं गेली. भाचा हळहळला. म्हणजे आता धरायची २५ गाणी आणि खर्च ११३०. गाणं ४५ रुपये २० पैशांना पडलं.