गादी धुऊन देतो म्हणाले आणि कुजवून गेले

बाबांच्या ऑपरेशननंतर दोन महिने त्यांना रात्री वेळेवर उठणं जमत नव्हतं. तीन-चारदा गादी ओली झाली. चादर बदलायची, वरवर पुसून घ्यायचं, बाकीचं नंतर बघू म्हणायचं, असं करता करता ते राहूनच गेलं. बाबा हिंडूफिरू लागल्यावर चादर काढून पाहिलं, तर मधोमध हातभर पिवळा डाग. त्याची कड तपकिरी झालेली, आणि हवा दमट झाली की खोलीभर वास. कुणी भेटायला आलं की बाबा त्या जागेवर उशी ओढून बसायचे. ते माझ्या लक्षात आलं होतं. कुणाला उपाय विचारायचा तर डाग कशाचा ते सांगावं लागणार, म्हणून मी कुणालाच विचारलं नाही. तिथेच आम्ही सापडलो.

मोबाइलवर ‘घरी येऊन गादीची मोफत तपासणी’ अशी जाहिरात दिसली. फोन केला, दुसऱ्या दिवशी दोघे जण हजर. इस्त्रीचे गणवेश, हातात मोठं यंत्र, बोलणं अगदी अदबीचं.

आधी त्यांनी व्हॅक्यूमच्या नळीत काळं फडकं बसवलं आणि गादीवरून दोनदा फिरवलं. फडक्यावर राखाडी-पांढरी भुकटी जमली. ‘ताई, हे सगळे जिवंत किडे आहेत. काका रोज यांच्यावर झोपतात.’ मग दिवे बंद करून जांभळट उजेडाचा टॉर्च मारला. गादी जागोजागी चमकायला लागली. ‘चमकतंय तिथे जंतू. आणि हा मोठा डाग लघवीचा आहे, यातून काकांना पुन्हा इन्फेक्शन होणार.’ हे मोठ्याने, बाबा दारात उभे असताना. बाबा काही न बोलता बाहेर जाऊन बसले. त्या क्षणी मला फक्त हे सगळं एकदाचं संपवायचं होतं. आजच ठरवलं तर निम्मा दर, तीन वेळा सफाई, वर एक खास द्रावणाची बाटली. सगळे पैसे आधी आणि रोख. पावती मागितली तर म्हणाले, मोबाइलवर येईल. ती कधीच आली नाही.

त्यांनी गादीवर भरपूर द्रावण मारलं, ब्रशने खसाखसा घासलं, वरून वाफ दिली. पाऊण तासात काम आटोपलं. डाग दिसेनासा झाला आणि मला अगदी भरून आलं. ओलं कापड सगळीकडे सारखंच गडद दिसतं, हे तेव्हा सुचलं नाही. ‘पंखा लावा, चार तासांत वाळेल,’ असं सांगून ते गेले.

तिसऱ्या दिवशी कापड वरून कोरडं लागत होतं. मी मूठ जोरात दाबली, तर बोटांच्या पेरांभोवती पाणी वर आलं. गढूळ, आणि त्याला अत्तरासारखा उग्र वास. पाचव्या दिवशी डाग परत आला, आधीपेक्षा मोठा. फोममध्ये खोल गेलेली घाण पाण्यात विरघळते, आणि गादी वाळताना पाण्याबरोबर वर येऊन कडेला साचते. आठवड्याभराने गादी उभी केली, तर खालच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके. फोनवर पहिल्यांदा म्हणाले, वाळू द्या. नंतर म्हणाले, तुमची गादीच जुनी. त्यानंतर फोन उचलणंच बंद झालं. उरलेल्या दोन सफाया राहिल्याच.

मग मी एकेक गोष्ट तपासत गेले, आणि हे लिहायचं मुख्य कारण तेच आहे. भाच्याकडे तसाच टॉर्च होता. खोलीत अंधार करून नुकत्याच धुतलेल्या पांढऱ्या शर्टावर मारला, तर शर्ट गादीहून जास्त झळकला. कपडे धुण्याच्या पावडरीत कापड शुभ्र दिसावं म्हणून जे घटक घालतात, ते या उजेडात चमकतात. साधा पांढरा कागदही चमकतो. लघवीचा डागही दिसतो, ते खरं. पण नुसत्या चमकेवरून जंतू आहेत की नाहीत हे कळत नाही. काळ्या फडक्याचा प्रयोग बहिणीकडे महिन्याभरापूर्वीच आणलेल्या गादीवर केला, तर तशीच भुकटी निघाली. गळालेली त्वचा, कापडाचे तंतू, धूळ, हे कुठल्याही वापरातल्या गादीत असतंच. धुळीतले किडे म्हणजे डस्ट माइट असतात, त्यांच्या विष्ठेची ॲलर्जीही होते. पण ते जेमतेम ०.२ ते ०.३ मिलिमीटरचे आणि जवळपास पारदर्शक. फडक्यावर कुणी बोट ठेवून ‘हा बघा किडा’ म्हणत असेल, तर तो भुकटी दाखवतोय. शिवाय हे किडे हवेतल्या ओलाव्यावर जगतात. चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुतले की ते मरतात, आणि गादी कोरडी ठेवली तर त्यांची वाढ खुंटते. आमच्याकडे त्यांचं नाव घेऊन गादीत बादलीभर पाणी ओतलं गेलं.

बाटलीवर ‘स्पेशल फॉर्म्युला’ एवढंच छापलेलं. घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, तारीख नाही. अशी बाटली घरात ठेवूसुद्धा नका. तपासणीला कुणी आलंच, तर त्याला तोच टॉर्च घरातल्या धुतलेल्या कपड्यावर मारायला सांगा, काय वापरणार त्याचं नाव कागदावर लिहून मागा, आणि गादी आतून पूर्ण वाळल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका.

बुरशी फोममध्ये शिरली की घरी नीट निघत नाही. ती गादी टाकून द्यावी लागली.

लघवीचा डाग पडल्या पडल्या कोरड्या टॉवेलने दाबून टिपायचा. घासायचा नाही, घासलं की ओल खोल जाते. मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड एक कप, त्यात तीन मोठे चमचे खाण्याचा सोडा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे एक-दोन थेंब. कोपऱ्यावर आधी लावून बघायचं, कारण पेरॉक्साइडने रंग उडू शकतो. डागावर हलका फवारा मारायचा, गादी भिजवायची नाही. हे मिश्रण लागेल तेवढंच बनवायचं, बंद बाटलीत ठेवायचं नाही, आत वायू साठून बाटली फुटू शकते. वाळल्यावर उरलेली पांढरी पूड व्हॅक्यूमने किंवा ब्रशने काढायची. जुन्या डागाचा वास मात्र हे वापरूनही परत येऊ शकतो, कारण लघवीतल्या यूरिक ॲसिडचे स्फटिक पाण्यात सहज विरघळत नाहीत. त्याला एन्झाइम, म्हणजे अशी घाण तोडणारे घटक, असलेलं क्लीनर लागतं, आणि ते बाटलीवर लिहिलेला वेळ पूर्ण ठेवावं लागतं. रक्ताच्या डागाला फक्त गार पाणी, गरम पाण्याने तो पक्का बसतो. आणि लघवीच्या डागावर क्लोरीनचं ब्लीच कधीही ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग झाला की विषारी वायू तयार होतो. सगळ्यात जास्त वेळ वाळवण्याला लागतो. गादी भिंतीला टेकवून उभी करायची, दोन्ही बाजूंनी वारा लागू द्यायचा, आणि मूठ दाबून पाहिल्याशिवाय चादर घालायची नाही.

नव्या गादीवर वॉटरप्रूफ कव्हर घातलंय. तरी मागच्या महिन्यात एका रात्री ते सरकलं आणि थोडी ओल खाली गेली. या वेळी बाबांनी उशी ओढली नाही. त्यांनीच मला हाक मारली, ‘अगं, टॉवेल आण लवकर, आत जायच्या आधी टिपू.’ मी टॉवेल घेऊन येईपर्यंत त्यांनी चादर काढून बाजूला ठेवली होती.