ओपनस्ट्रीटमॅपवर नऊ महिने: बेळगावचा ळ आणि नावांची भांडणं

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. घरात मराठी, बाजारात मराठी-कन्नड दोन्ही, कचेरीत कन्नड. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडलं ते नकाशावर आमच्या गावाभोवती नुसतं हिरवं रान दिसायचं म्हणून. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला हा नकाशा जगभरची माणसं आपल्या हौसेनं भरतात. फोनवर स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप घेतलं की ते चालता चालता विचारतं, रस्ता डांबरी की मातीचा, इथे दिवे आहेत का. पहिले दोन महिने मी पाणंदी, विहिरी, देवळं भरत होते आणि फार सुखात होते.

मग गावाचं नाव आलं. मी मुख्य रकान्यात मराठी नाव टाकलं. दुसऱ्या दिवशी तिथे दुसऱ्या एका सभासदानं कन्नड नाव टाकलेलं. मी बदललं, त्यानं परत फिरवलं. दोन दिवसांत तीनदा. इथे प्रत्येक बदलाला, म्हणजे चेंजसेटला, क्रमांक असतो आणि खाली कुणालाही बोलता येतं. त्यानं लिहिलं, हे कर्नाटक आहे. मी लिहिलं, १९५६ पासून आम्ही १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो तो उगाच नाही. पुढे सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग, महाराष्ट्रानं मागितलेली ८६५ गावं, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा, सगळं काढलं. ते सगळं मला आजही तितकंच लागतं, हे आधी सांगते.

मध्ये पडला तो ब्रसेल्सचा एक सभासद. त्यानं एकच विचारलं: गावाच्या पाटीवर काय लिहिलंय, फोटो आहे का?

मी वेशीवर गेले. रोज तिथूनच जाते, पण पाटी कधी वाचली नव्हती. वर कन्नड, खाली इंग्रजी. मराठी नाव होतं, पण आत: शाळेच्या फलकावर, देवळाच्या कमानीवर, दूध डेरीच्या भिंतीवर. चारही फोटो पाठवले. वेशीवरच्या पाटीचा पाठवताना हात जड झाला होता.

या नकाशाचा नियम असा, की प्रत्यक्ष जागेवर जे आहे तेच लिहायचं, कुणाचा हक्क खरा ते नकाशानं ठरवायचं नाही. ब्रसेल्समध्ये रस्त्यांना फ्रेंच आणि डच अशी दोन नावं आहेत, तर मुख्य रकान्यात मध्ये आडवी रेघ देऊन दोन्ही लिहितात. आपल्याकडे मुख्य रकान्यात बहुधा इंग्रजी असतं. त्याशिवाय मराठीचा रकाना वेगळा, कन्नडचा वेगळा, जुन्या नावाचाही वेगळा. आमच्या गावाचं शेवटी तसंच झालं. मला ते पटायला महिना लागला.

पटलं ते ळमुळे. मी दयाबुद्धीनं आसपासच्या वाड्यांचे कन्नड रकानेही भरले होते, इंग्रजीवरून अंदाजानं. माझं नाव फिरवणाऱ्या त्या कन्नड लिहिणाऱ्यानंच कळवलं, की तीन ठिकाणी तुम्ही ल लिहिलाय, तिथे ळ हवा, कन्नडमध्येही ळ आहे. मी बघितलं तर त्यानंही मराठी रकान्यात इंग्रजीवरून ळचा ल केला होता. बेळगाव म्हणा नाहीतर बेळगावी म्हणा, ळ दोघांचा आहे. तो इंग्रजीत मरतो. त्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून चाळीसेक वाड्यांची नावं तपासली, तो कन्नड, मी मराठी. सीमाप्रश्नावर आमचं मत तसूभरही बदललेलं नाही, त्याचंही नाही आणि माझंही नाही.

मोठी भांडणं अशी मिटत नाहीत. रशियानं युक्रेनकडून घेतलेल्या क्रिमियाचं बघा. २०१४ मध्ये तो युक्रेन आणि रशिया दोन्हींच्या हद्दीत दाखवायचं ठरलं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ओपनस्ट्रीटमॅपच्या तंटे बघणाऱ्या गटानं तो फक्त युक्रेनमध्ये ठेवला, आणि लगेच संचालक मंडळानं तो निर्णय फिरवून २०१४ चीच व्यवस्था परत आणली. दोन्हीकडचे नाराज. मला युक्रेनवाल्यांचा राग समजतो. जागेवरचं खरं म्हणताना जागा कुणी बळानं घेतली असेल, तर हा नियम घेणाऱ्याच्या बाजूला झुकतो. याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

काश्मीरही इथे प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोन दिवस ॲप उघडलं नाही. कामाची गोष्ट म्हणून लिहिते: सर्व्हे ऑफ इंडियाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध केला तर १९६१ च्या कायद्यानं सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शाळेसाठी छापायचा असेल तर आपला तालुका तेवढा घ्या, देशाची हद्द इथून उचलू नका. तरीही गूगल मॅप्स भारतात एक सीमा आणि बाहेर दुसरी दाखवतो, त्यापेक्षा सगळ्यांना एकच नकाशा आणि त्याखाली उघडं भांडण, हे मला जास्त प्रामाणिक वाटतं.

एक मोठी उणीव. मोठ्या चर्चा बहुतेक इंग्रजीत चालतात. आमच्या शिवारातल्या प्रत्येक ओढ्याचं नाव सांगणारे माझे आजोबा त्यात नाहीत. त्यांचं मी लिहून घेते, पण वाद घालायला ते हवे होते.

बाकी वापर उत्तम. ऑरगॅनिक मॅप्स या ॲपवर हा नकाशा आधी उतरवून ठेवला तर चोर्ला घाटात रेंज नसतानाही वाट सापडते. खेड्यांत दुकानं, घरक्रमांक फार कमी, ते आपणच भरायचे.

सध्या नदीवर अडलंय. भीमगडच्या रानात उगम पावणारी ती आमच्याकडच्या सरकारी कागदांत महादायी, गोव्यात म्हादई, पुढे मांडवी. पाण्याचा तंटा लवादापर्यंत गेलेला, तेव्हा नाव कोण सोडणार? गोव्याचा एक सभासद म्हणतो पूर्ण नदीला म्हादईच हवं. आजोबा म्हणतात, आमच्या बाजूची माणसंही म्हादईच म्हणतात. पाऊस उघडला की पुलांवरच्या पाट्यांचे फोटो काढायला जाणार आहे, आजोबांना घेऊन.