‘दोन किलोमीटर’ची बॅटरी

बॅटरीचा, म्हणजे टॉर्चचा, सौदा भिंतीवर होतो. आठवडी बाजारात, बसस्टँडबाहेर, नाहीतर मोबाईलवरच्या जाहिरातीत विकणारा दोन बॅटऱ्या एकाच भिंतीवर मारून दाखवतो. पसरट झोताच्या बॅटरीचा उजेड भिंतभर फिका दिसतो, लांब मारणारीचा रुपयाएवढा गोळा डोळ्यांत खुपतो. "पॉवर बघा काका, दोन किलोमीटर!" काका गोळ्यावर भुलतात. फसवणूक तिथंच पुरी झालेली असते, पैसे नंतर जातात इतकंच.

दोन्ही बॅटऱ्यांतला एलईडी पुष्कळदा एकाच ताकदीचा असतो. एकीत उजेड पसरलाय, दुसरीत गोळा केलाय. एकूण उजेड लुमेनमध्ये मोजतात, एका दिशेची तीव्रता कँडेलात. खोक्यावर लुमेनचा आकडा वाटेल तो छापतात आणि कँडेला लिहीतच नाहीत. ‘एक लाख लुमेन’ही छापलेलं असतं. चांगला एलईडी एका वॅटला शंभर-सव्वाशे लुमेन देतो, म्हणजे एक लाखाला आठशे ते हजार वॅट लागतील. एक एचपीची मोटार ७४६ वॅटची असते, आणि हा माणूस तेवढं एका सेलवर चालवायला निघालाय.

अंतराचा हिशेब कागदावर करता येतो. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की मीटर मिळतात. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर; दोन किलोमीटरला दहा लाख कँडेला हवेत. तेही प्रमाण असं की त्या टोकाला ०.२५ लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप), साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उजेड उरतो. तेवढ्यात काहीतरी आहे हे कळेल, गवा की झुडूप हे नाही. म्हणून छापील अंतर खरं असलं तरी कामाचं निम्मंच धरावं.

घरी तपासायचं तर अंधारात ५ मीटरवर मोबाईलचं लक्स मोजणारं ॲप धरा आणि गोळ्याच्या मध्याचा आकडा २५ नं गुणा. ४०० लक्स आले तर १०,००० कँडेला. मोबाईल नेमका आकडा देत नाही, पण दोन बॅटऱ्या एकाच मोबाईलवर मापल्या की कोण कुठं आहे ते कळतं. खऱ्या दोन किलोमीटरवालीनं ५ मीटरवर ४०,००० लक्स दाखवायला हवेत, जवळजवळ निम्मं भर दुपारचं ऊन. चारशे रुपयांच्या बॅटरीकडून!

तोंड पुढं-मागं सरकणाऱ्या झूमवालीत आणखी एक मेख आहे. भिंग पुढं ओढलं की भिंतीवर चौकोनी ठिपका पडतो. ती एलईडीच्या चिपचीच प्रतिमा. त्या वेळी बाजूला जाणारा उजेड नळीच्या आतल्या भिंतीवर वाया जातो. मध्य झगझगीत होतो, एकूण उजेड मात्र घटतो. शिवाय तोंड सरकताना नळी पिचकारीसारखी हवा आत ओढते आणि हवेबरोबर दमटपणा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-कणकुंबीकडच्या पावसात भिंगाला आतून वाफ धरते ती अशी.

आता शेतातलं बघू. थ्री फेज रात्री आला की उसाला पाणी पाजायला जावंच लागतं. हातात लांब मारणारी असली की समोर पांढरा गोळा, त्यानं डोळ्याची बाहुली आकसते आणि बाकीचं रान आणखी काळं होतं. सरी फुटलेली दिसत नाही, आणि बांधावरची घोणस गोळ्याच्या हातभर बाहेर असली तरी दिसत नाही. धुक्यात, झिमझिम पावसात झोत थेंबांवर आपटून उलटा डोळ्यांत येतो. तेव्हा बॅटरी डोळ्यांच्या रेषेत नको, कमरेखाली धरावी. दारं धरायला, म्हणजे सरीत पाणी वळवायला, दीडशे-दोनशे लुमेनचा पसरट उजेड पुरतो. डोक्याला बांधायची मिळाली तर उत्तम, खोऱ्याला दोन्ही हात मोकळे राहतात, स्टार्टरचा फ्यूज बघतानाही तीच बरी.

लांब झोताचं काम वेगळं: नदीकाठच्या मोटारीचा पाइप, बांधापलीकडचे चमकणारे डोळे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या भागात बिबट्या फिरला होता. बिबट्याचं नाव काढलं की विकणाऱ्याला बाकी काही सांगावंच लागत नाही. भीती खोटी नाही, पण त्यासाठी दुसरी बॅटरी घ्या: एलईडीभोवतीची चकचकीत वाटी खोल, आरशासारखी गुळगुळीत असलेली. पसरटीची वाटी उथळ किंवा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत असते. बंद बॅटरीची काच आपल्याकडं धरून आत बघितलं की फरक दिसतो. एकीतच दोन्ही कामं करणारी आम्ही तरी स्वस्तात सांगणार नाही.

सेलवर ‘९९०० एमएएच’ अशी साठवण लिहिली असेल तर तिथंच थांबा. १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब सेल सहसा ३५००-३६०० च्या पुढं जात नाही. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. खरा ४५ ते ५० ग्रॅम भरतो; तीसच्या आत भरला तर टोपणाखाली पोकळी नाहीतर भुकटी. लिथियम सेलवर आयएस १६०४६ ची नोंदणी छापलेली असावी लागते, तीही बघा.

बिल मागा आणि खोक्यावरच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा. दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, तिथं हा फोटोच कामी येतो.

आणि अंगावर दोन पिना असलेली, थेट सॉकेटला लावायची बॅटरी चार्जिंगला असताना पेटवून बघू नका, उघडूही नका. स्वस्त मालात आत ट्रान्सफॉर्मर नसतो. कपॅसिटर लावून लाईन सरळ सर्किटपर्यंत आणलेली असते, आणि पाण्यातून आलेल्या ओल्या हाताला ती झटका देते.