अनोळखी संगीतप्रकारात शिरताना आधी कोणता अल्बम ऐकावा?

जॅझ, हिप-हॉप, मेटल किंवा पाश्चात्त्य अभिजात संगीत यांपैकी एखाद्या प्रकाराशी आजवर संबंध आला नसेल आणि आता तो जोडावासा वाटत असेल, तर ‘सर्वश्रेष्ठ’ अल्बमांच्या याद्यांचा फारसा उपयोग होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या याद्या बहुधा त्या प्रकारात मुरलेल्या लोकांनी केलेल्या असतात आणि मुरलेल्या कानाला जे धाडसी वाटते ते नवख्या कानाला नुसता गलका वाटू शकते. म्हणून पुढे प्रत्येक प्रकारातले नावाजलेले अल्बम समोरासमोर ठेवून, आधी कोणता ऐकावा एवढ्याच प्रश्नाचा निकाल लावला आहे. कसोटी एकच आहे: त्या संगीतात काय स्थिर आहे आणि काय हलते आहे, हे पहिल्या दोन-तीन वेळा ऐकतानाच उमगते का? तानपुऱ्याचा षड्ज कानात पक्का बसला की गायक कितीही दूर गेला तरी श्रोता हरवत नाही. असा टेकू बहुतेक संगीतप्रकारांत कुठेतरी असतो, फक्त त्याची जागा बदलते. जो अल्बम ती जागा लवकर दाखवतो तो आधी ऐकावा, मग तो दुसऱ्याहून थोर असो वा नसो.

जॅझच्या बाबतीत ही तुलना विशेष रंगते, कारण १९५९ या एकाच वर्षी, न्यूयॉर्कमधील कोलंबिया कंपनीच्या ३० व्या रस्त्यावरील स्टुडिओत, म्हणजे एका जुन्या चर्चच्या वास्तूत, असे दोन अल्बम ध्वनिमुद्रित झाले की ज्यांनी हा टेकू दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवला. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये स्थिर आहे ती स्वरांची चौकट. त्याआधीच्या बीबॉप या वेगवान जॅझ शैलीत कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) इतक्या भराभर बदलत की वादकाला त्यांच्यामागे धावावे लागे आणि नवखा श्रोता पहिल्याच मिनिटाला मागे पडे. या अल्बममधील ‘सो व्हॉट’ या पहिल्या रचनेत ३२ बारच्या (येथे एक बार म्हणजे चार मात्रा) आवर्तनातील पहिले १६ बार एकाच स्वरसमूहात जातात, पुढचे ८ तोच स्वरसमूह अर्ध्या स्वराने वर चढवून वाजतात आणि शेवटचे ८ पुन्हा मूळ जागी येतात. रागदारी ऐकणाऱ्याला ही मोकळी जागा ओळखीची वाटते. अर्थात याला राग म्हणता येणार नाही, कारण वादी-संवादी किंवा ठरलेले चलन असे कोणतेच बंधन येथे नाही. पण एकाच भूमीवर आधी डेव्हिस, मग सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि नंतर कॅननबॉल ॲडर्ली क्रमाने वाजवतात, त्यामुळे त्यांची तुलना आपोआप होते: डेव्हिस दोन सुरांमध्ये ऐसपैस जागा सोडतो, कोल्ट्रेन ती जागा ठासून भरतो आणि ॲडर्ली तीच जागा हसतखेळत वापरतो.

डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीचा ‘टाइम आउट’ तालावर उभा आहे. पॉल डेझमंडने रचलेल्या ‘टेक फाइव्ह’मध्ये ब्रुबेक पाच मात्रांचा एकच ठेका पियानोवर धरून बसतो आणि त्यावर जो मोरेलोचे ड्रम मनसोक्त फिरतात, ‘ब्लू राँडो आ ला टर्क’मध्ये नऊ मात्रांची २-२-२-३ अशी विभागणी आहे. हा अल्बम पहिल्याच ऐकण्यात आवडतो, यात शंका नाही. परंतु ज्याच्या कानात झपतालाचा दोन-तीनचा झोल आधीच मुरलेला आहे, त्याने पाच मात्रांनी थक्क का व्हावे, हे मला अजून पटलेले नाही. शिवाय ‘ब्लू राँडो’त उत्स्फूर्त वादन सुरू होताच मंडळी गुपचूप नेहमीच्या चार मात्रांवर येतात, म्हणजे नऊ मात्रांचा डौल प्रवेशापुरता आणि निरोपापुरताच राहतो. डेझमंडच्या सॅक्सोफोनचा रेशमी आवाज मात्र कुणालाही ऐकवावा असा आहे. माझा कौल निःसंशय ‘काइंड ऑफ ब्लू’ला. त्याची पहिली बाजू मूळ आवृत्तीत किंचित चढ्या स्वरात ऐकू येते, कारण मुद्रणाच्या वेळी एक टेपयंत्र थोडे हळू चालत होते आणि असे मुद्रण नेहमीच्या वेगाने वाजवले की स्वर चढतो. १९९० च्या दशकातील पुनर्मुद्रणांपासून ही चूक दुरुस्त झालेली आहे, तेव्हा निवडीला वाव असेल तर नंतरची प्रत घ्यावी.

कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ या दोघांहून मोठा आहे असे मी मानतो, तरीही तो पहिला ऐकू नये. डिसेंबर १९६४ मध्ये मुद्रित झालेल्या या जेमतेम ३३ मिनिटांच्या चार भागांच्या रचनेत टेकू आहे तो चार सुरांच्या एका छोट्या वाक्याचा. पहिल्या भागात बास हे खालच्या सुरांचे तंतुवाद्य ते वाक्य मांडते आणि पुढे कोल्ट्रेन तेच वाक्य एकामागून एक निरनिराळ्या पट्ट्यांत फिरवत नेतो. शेवटच्या भागात तो स्वतःच लिहिलेली प्रार्थना शब्द न उच्चारता सॅक्सोफोनवर म्हणतो. ही प्रार्थना अल्बमसोबत छापलेली आहे आणि ती समोर ठेवून ऐकली तर अक्षरशः ओळीमागून ओळ ओळखता येते. ‘काइंड ऑफ ब्लू’मधला तोच वादक पाच वर्षांत कुठून कुठे गेला, हे ज्याला जाणवेल त्यालाच या तीव्रतेची किंमत कळेल.

रॉकमध्ये बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६) आणि पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) यांच्यात लोकप्रियतेच्या तराजूने पाहिले तर दुसरा कधीच हरणार नाही. हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होऊन त्याच ठोक्यांवर संपणारा, गाण्यातून गाणे उलगडत नेणारा हा अल्बम ध्वनिमुद्रणाचा उत्कृष्ट नमुना आहे. गायिका क्लेअर टॉरीने एकही शब्द न वापरता घेतलेल्या ताना ऐकून शहारे न येणारा माणूस विरळा. तरीही स्पष्ट सांगायचे तर काळ, पैसा आणि मृत्यू यांविषयी त्यातले शब्द जे सांगतात ते फार खोल नाही. आवाजाच्या भव्यतेमुळे ते खोल वाटते. ‘रिव्हॉल्व्हर’ची गंमत अशी की त्यातील १४ गाणी मिळून सुमारे ३५ मिनिटांत संपतात आणि बहुतेक प्रत्येक गाणे वेगळ्या दिशेला तोंड करून उभे असते. ‘एलिनॉर रिग्बी’त चौघांपैकी एकानेही वाद्य वाजवलेले नाही, साथीला फक्त आठ तंतुवाद्ये आहेत, ‘लव्ह यू टू’मध्ये सतार आहे आणि अनिल भागवत यांचा तबला आहे, शेवटचे ‘टुमॉरो नेव्हर नोज’ जवळजवळ एकाच कॉर्डवर तानपुऱ्यासारखे घुमत राहते आणि त्यावर टेपच्या तुकड्यांचे विचित्र आवाज तरंगतात. आपल्याला रॉकमधले नेमके काय आवडते हे अजून ठरायचे असेल तर ‘रिव्हॉल्व्हर’ घ्यावा, कारण त्यातले जे गाणे आवडेल ते पुढची वाट सांगते. चांगल्या स्पीकरवर एक संपूर्ण संध्याकाळ द्यायची असेल तर ‘डार्क साइड’ला तोड नाही.

मेटलविषयी थोडक्यात उरकतो, कारण निर्णय अवघड नाही. ब्लॅक सॅबथच्या ‘पॅरानॉइड’मध्ये (१९७०) गिटारचे एकेक जड वाक्य इतके संथ आणि ठळक आहे की स्थिर काय हे विचारावेच लागत नाही. मेटॅलिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (१९८६) रचनेच्या दृष्टीने कितीतरी पुढचा आहे आणि त्याच्या आठ मिनिटांहून मोठ्या शीर्षकगीताच्या मध्यभागी येणारा शांत भाग ऐकल्यावर या प्रकाराला नुसता गोंगाट म्हणणे बंद होते. पण तेथवर पोचण्याआधीच्या वेगाने पुष्कळजण पळून जातात. आधी ‘पॅरानॉइड’.

हिप-हॉपमध्ये टेकू असतो तो लूपचा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या छोट्या ध्वनितुकड्याचा. नॅझने विसाव्या वर्षी काढलेला ‘इलमॅटिक’ (१९९४) चाळीस मिनिटांच्या आसपास संपतो. डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप अशा वेगवेगळ्या निर्मात्यांनी संगीत दिलेले असूनही लूप आपली जागा सोडत नाही, त्यामुळे सारे लक्ष शब्दांकडे जाते: यमक ओळीच्या शेवटी न थांबता मध्येच कसे उगवते, वाक्य समेच्या अलीकडे संपते की पलीकडे, हे नीट ऐकू येते. केंड्रिक लमारचा ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ (२०१५) जवळपास दुप्पट लांबीचा आहे आणि त्यात जॅझ, फंक व नाट्यसंवाद यांची सरमिसळ आहे. एक कविता तुकड्यातुकड्याने वाढत जाते आणि अखेरीस १९९६ मध्ये मारल्या गेलेल्या रॅपर तुपाक शकूरच्या जुन्या मुलाखतीतील उत्तरांशी केंड्रिक आपले प्रश्न जोडतो. त्याची महत्त्वाकांक्षा मला मान्य आहे, मात्र मधला काही भाग ऐकण्यापेक्षा अभ्यासण्याचा वाटतो. ‘इलमॅटिक’ आधी, आणि गीतांचे शब्द समोर ठेवून, कारण बोलभाषेतले संदर्भ कानाने टिपणे कठीण जाते.

एकट्या गायक-गीतकाराचे संगीत हवे असेल तर जोनी मिचेलचा ‘ब्लू’ (१९७१) आणि निक ड्रेकचा ‘पिंक मून’ (१९७२) यांत माझे मन दुभंगते. ‘पिंक मून’ अर्ध्या तासाहून कमी आहे आणि शीर्षकगीतातील थोडा पियानो सोडला तर त्यात गळा व गिटार यांखेरीज काहीही नाही. कसोटीप्रमाणे तोच आधी यायला हवा. पण तो इतका मिटलेला आहे की ऐकणाऱ्याकडून तो काहीच मागत नाही, आणि न मागणारे संगीत पहिल्या भेटीत सहज निसटते. मिचेलचा आवाज एका ओळीत दोन मजले चढतो, उतरतो, आणि ते चढणे-उतरणे शब्दांच्या अर्थासाठीच आहे हे लगेच पटते. येथे कसोटी बाजूला ठेवून ‘ब्लू’ सुचवतो.

इलेक्ट्रॉनिक संगीतात ब्रायन ईनोच्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ने (१९७८) तर कसोटीच उलटी केली आहे. त्यातील ‘२/१’ या तुकड्यात मानवी आवाजातले सुटे सूर वेगवेगळ्या लांबीच्या टेप-लूपवर फिरतात, त्यामुळे तेच सूर परत येत राहतात, पण त्यांची तीच जुळणी पुन्हा ऐकायला मिळत नाही. लक्ष देऊन बसलात तर कंटाळा येईल, आणि दुर्लक्ष करूनही ऐकता यावे हाच ईनोचा हेतू होता. क्राफ्टवर्कच्या ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’मध्ये (१९७७) रेल्वेच्या ठेक्यावर धून उभी आहे, आणि १९८२ मध्ये हिप-हॉपमधल्या आफ्रिका बंबाटाने तीच धून ‘प्लॅनेट रॉक’मध्ये वापरली. इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायचे असेल तर क्राफ्टवर्क, काम करताना खोलीत असू द्यायचे असेल तर ईनो.

पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी दोन संगीतकार न घेता एकाच वादकाची दोन मुद्रणे घेतो. बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’मध्ये एक ‘आरिया’ (म्हणजे मूळ रचना), तिच्यावरचे ३० विस्तार आणि शेवटी पुन्हा तीच आरिया अशी मांडणी आहे. या विस्तारांत आरियाची वरची धून टिकत नाही; टिकतो तो डाव्या हाताचा, खालच्या सुरांचा क्रम. हे ठाऊक नसेल तर हा नुसता तीस तुकड्यांचा ढीग वाटतो. पियानोवादक ग्लेन गूल्डने ही रचना १९५५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, वर आलेल्या त्याच ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत वाजवली आणि सुमारे ३८ मिनिटांत संपवली. १९८१ मध्ये तेथेच पुन्हा वाजवली तेव्हा ५१ मिनिटे लागली. हा फरक निव्वळ संथपणाचा नाही, कारण दुसऱ्या वेळी त्याने काही भागांची पुनरावृत्तीही केली आहे. गंभीर २५ वा विस्तार तर दोन्हींत सहा मिनिटांच्या आसपासच भरतो. खरा फरक असा की पहिल्या मुद्रणात प्रत्येक विस्तार स्वतंत्र पराक्रम आहे, तर दुसऱ्यात शेजारशेजारच्या विस्तारांची लय एकमेकींशी गणिताने बांधलेली आहे, त्यामुळे खालचा सुरांचा क्रम अखंड चालू असल्याचे जाणवते.

म्हणून आधी १९८१ चे मुद्रण ऐकावे, आरियातील डावा हात दोनदा-तीनदा नीट ऐकून मगच पुढे जावे, आणि पियानोसोबत येणारे गूल्डचे गुणगुणणे खटकले तरी थांबू नये. १९५५ चे मुद्रण अधिक प्रसिद्ध आहे आणि वेगाची आवड असणाऱ्यांना ते अधिक भावते. ज्यांना पियानोवादन पाहायला आवडते त्यांनी त्यापासून सुरुवात केली तरी माझी हरकत नाही, पण ज्यांना बाख ऐकायचा आहे त्यांनी ते दुसऱ्या क्रमांकावरच ठेवावे.