१०×४२ दुर्बीण आणि ट्रायपॉड: माँटानात अस्वलाच्या स्प्रिंग आणि फॉल सीझननंतरचा अनुभव

मार्चमध्ये घेतली होती, आता डिसेंबर चालू आहे, म्हणजे शिकारीचे एक स्प्रिंग (वसंत) आणि एक फॉल (शरद) असे दोन्ही सीझन हिच्यावर निघाले, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या रिव्ह्यूला काही अर्थ नसतो, दुकानातल्या लाइटखाली सगळ्याच दुर्बिणी भारी दिसतात. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण ५०० डॉलरच्या आसपासच्या चार-पाच कंपन्यांच्या मी हाताळून बघितल्या, एकोणीस-वीसचा फरक आहे, आणि मला जे सांगायचंय ते ब्रँडबद्दल नाहीच.

सांगायचंय ते असं, की अस्वलाच्या शिकारीत नवीन पडणारा माणूस सगळा पैसा रायफल आणि तिच्यावरच्या स्कोपवर घालतो आणि दुर्बीण उरलेल्या चिल्लरमध्ये घेतो. उलटं करा. .३०८ किंवा .३०-०६ ची साधी सेकंडहँड रायफल काळ्या अस्वलाला भरपूर झाली, ती दिवसभर खांद्यावरच असते. दुर्बीण दिवसभर डोळ्याला असते, आणि गोळी मारायची नाही हे सुद्धा तीच सांगते.

आधी इथली परिस्थिती सांगतो. मी मिझूलाच्या बाजूला राहतो, अमेरिकेतलं पश्चिम माँटाना. काळ्या अस्वलाचा स्प्रिंग सीझन १५ एप्रिलला उघडतो आणि एरियाप्रमाणे मे अखेर किंवा जूनच्या मध्यापर्यंत चालतो. इथे आमिष टाकायला बंदी. शेजारच्या आयडाहोत परमिट घेऊन आमिष टाकता येतं, पण ते तंत्रच वेगळं, त्याला एवढी दुर्बीण लागत नाही. आमिष नाही म्हटल्यावर राहतं काय तर एका डोंगरावर बसून समोरचा डोंगर बघत राहणं, याला इथे सगळे ग्लासिंग म्हणतात. झोपेतून उठलेली अस्वलं पहिले काही आठवडे मुख्यतः गवतच खातात, अक्षरशः गायीसारखी चरत असतात, म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेले उतार जिथलं बर्फ आधी वितळतं, हिमकडा कोसळून झाडं साफ झालेल्या पट्ट्या, आणि लाकूडतोडीचे जुने बंद पडलेले रस्ते ज्यांच्यावर क्लोव्हर नावाचा चारा माजतो, एवढ्याच जागा धरून ठेवायच्या. नर आधी बाहेर पडतात, पिल्लंवाल्या माद्या सगळ्यात शेवटी. आणि संध्याकाळचे शेवटचे दोन-अडीच तास म्हणजे खरी वेळ, सकाळी उठून धावपळ करायची स्प्रिंगमध्ये तेवढी गरज नाही, हे मला शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं (आयुष्यभर लॉगिंग केलेला माणूस, मी त्याला काका म्हणतो, त्याला आता सवय झालीय) आणि ते शंभर टक्के खरं निघालं.

आता ट्रायपॉड. लोक दुर्बीण घेतात आणि ट्रायपॉड घेत नाहीत, म्हणजे निम्मेच पैसे वापरले. १०× हातात धरली की तुमचा प्रत्येक श्वास, हृदयाचा प्रत्येक ठोका दहापट होऊन दिसतो. जवळच्या हरणाला चालून जातं, पण मैलभर लांबच्या उतारावर जळक्या ओंडक्यांमध्ये एक काळा ठिपका हळूच सरकतोय का हे हातात धरून दिसत नाही, बास. ट्रायपॉडवर लावली की चित्र गोठतं, आणि गोठलेल्या चित्रात हललेली गोष्ट आपोआप डोळ्यात भरते. माझा कार्बनचा आहे, दीड किलोच्या आसपास, बसलेल्या उंचीला पुरला तरी बास, उभं राहून कोण बघतंय चार तास. दुर्बिणीच्या पुढच्या बिजागरीवर एक छोटं टोपण असतं, ते काढलं की आत आटे असतात, त्यात अडॅप्टर बसतो. घेताना हे टोपण आहे का ते बघाच, स्वस्तातल्या काही मॉडेलना नसतं. आणि बुडाखाली टाकायला फोमचा तुकडा घ्या, हसू नका, मेमधला ओला डोंगर तासाभरात माणसाला उठवतो.

उजेडाचं गणित सोपं आहे. पुढच्या काचेचा व्यास भागिले पॉवर, म्हणजे ४२ भागिले १० बरोबर ४.२ मिलिमीटर, एवढा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. ८×४२ ला तोच ५.२५ येतो. इथे सूर्यास्तानंतर अर्धा तास कायदेशीर शूटिंगची वेळ असते आणि त्याच अर्ध्या तासात अस्वल झाडीच्या कडेला येतं. माझी दुर्बीण सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटं झकास, शेवटची दहा मिनिटं काळं अस्वल आणि काळी सावली यात फरक करताना डोळे ताणावे लागतात. शेजारच्या काकाकडे स्वारोव्स्की कंपनीची महागडी दुर्बीण आहे, तिच्यातून त्या दहा मिनिटांतही केस दिसतात, पण ती किंमत ऐकून मी परत त्याच्या हातात दिली. चष्मेवाल्यांनी आय रिलीफ, म्हणजे डोळा मागच्या काचेपासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १६ मिलिमीटरच्या वर बघून घ्या, नाहीतर कडेला काळं वर्तुळ येत राहतं. मला चष्मा आहे, हिचं आय रिलीफ पुरेसं आहे, त्या बाबतीत तक्रार नाही.

आता ओळख पटवणं, कारण सगळं अडतं इथे. माँटानात काळ्या अस्वलाचं लायसन्स घ्यायच्या आधी अस्वल ओळखायची ऑनलाइन टेस्ट पास करावी लागते, आणि ते बरोबरच आहे. ग्रिझलीला (काळ्या अस्वलापेक्षा वेगळी, वशिंडवाली जात) अलास्का सोडून बाकीच्या मुख्य अमेरिकेत १९७५ पासून फेडरल संरक्षण आहे, मारलात तर ५०,००० डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभरापर्यंत जेल होऊ शकते. आणि पूर्वी जिथे ग्रिझली नाही असं लोक धरून चालायचे त्या बिटररूट खोऱ्यातही आता दिसायला लागलेत, त्यामुळे 'आमच्या एरियात नसतात' हे विसरा.

रंगावर जाऊ नका, हे नवीन माणसाच्या डोक्यात पहिल्यांदा घट्ट बसलं पाहिजे. काळं अस्वल नावालाच काळं, इथे तपकिरी, दालचिनी रंगाची, अगदी सोनेरी सुद्धा असतात, आणि ग्रिझली लांबून काळा दिसू शकतो. खांद्यावर वशिंड आहे का, चेहऱ्याची बाजू कपाळापासून नाकापर्यंत सरळ आहे का मध्ये खोलगट आहे, कान उंच टोकदार का छोटे गोल, पुढची नखं लांब का आखूड, यातली एक खूण बघून ठरवायचं नाही, सगळ्या मिळून बघायच्या. वशिंडाचं तर असं आहे की काळं अस्वल डोकं खाली घालून चरताना विशिष्ट कोनातून त्यालाही वशिंड असल्यासारखं वाटतं. मेमध्ये एक दालचिनी रंगाचं अस्वल मी ट्रायपॉडवरून जवळजवळ तासभर बघत होतो, चेहरा सरळ, कान मोठे, वशिंड नाही, म्हणजे ब्लॅक बेअर नक्की, वाऱ्याची दिशाही मस्त होती, आणि मी उठणार तेवढ्यात शंभरेक फुटांवरच्या लार्चच्या झाडावरून दोन पिल्लं सरसर खाली उतरली. पिल्लं बरोबर असलेली मादी मारता येत नाही, पिल्लूही नाही. मादी पिल्लांना झाडावर चढवून खुशाल लांब चरत असते, त्यामुळे एकटं दिसणारं अस्वल एकटं आहे हे ठरवायला वेळ द्यावाच लागतो. हातात धरलेल्या दुर्बिणीने कोण तासभर बघणार, सांगा. पुढे जाऊन मैलाच्या पलीकडच्या अस्वलाची नखं-कान बघायला स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची जास्त पॉवरची दुर्बीण) लागतोच, पण पहिल्या वर्षी नाही घेतला तरी चालेल, जवळ जाऊन परत बघायचं, पायांना व्यायाम.

मोठं अस्वल कसं ओळखायचं हे सगळे विचारतात. कान. डोकं मोठं झालं की कान बाजूला आणि छोटे दिसतात, पोट जमिनीला टेकल्यासारखं, चाल डुलत. लहान अस्वलाचे कान मिकी माऊससारखे वर उभे. बाकी अंदाज सगळे चुकतात, उघड्या उतारावर प्रत्येक अस्वल मोठंच वाटतं.

तक्रारी आहेत, त्या पण लिहितो. तापमान शून्याच्या खाली गेलं की फोकसचं चाक घट्ट होतं, ग्लोव्ह्ज घालून फिरवताना दोन बोटं लागतात. पुढच्या काचांची झाकणं ढिली, एक तर कुठल्यातरी झुडपात राहिलं. छातीवर बांधायची पिशवी मॅग्नेटवाली आहे, उघडायला आवाज नाही हे छान, पण पाइनच्या सुया आणि बर्फ त्या पट्टीत अडकतो आणि मग नीट बंद होत नाही, शिवाय होकायंत्र त्या मॅग्नेटजवळ धरलं तर भलतीकडेच उत्तर दाखवतं, हे माहीत असू द्या. ट्रायपॉडची पायाची लॉकं ओली होऊन रात्री गाडीत गोठली की सकाळी उघडत नाहीत. कस्टमर केअरला झाकणासाठी मेल केली, उत्तर तीन आठवड्यांनी आलं आणि त्यात मलाच बिल परत मागितलं, सोडून दिलं.

त्याच पिशवीला बाजूला बेअर स्प्रेचं (अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा) होल्स्टर लावलंय, आणि ही जागा एकदम योग्य, पाठीवरच्या सॅकमधला स्प्रे म्हणजे नसल्यासारखाच. साधारण तीस फुटांपर्यंत जातो, डबा काही सेकंदांत संपतो, आणि एक्स्पायरी असते, दुकानातच तारीख बघून घ्या. विमानात हँड बॅगेत नाही आणि चेक-इनमध्येही नाही, बाहेरून येणाऱ्यांनी इथे उतरून विकत घ्यायचा.

फॉलमध्ये सप्टेंबरअखेर एक मिळालं. दोनशे यार्डांच्या आत, बाजू माझ्याकडे करून उभं, पुढचा पाय पुढे गेल्यावर खांद्याच्या मागे गोळी. लांबची गोळी दरीपलीकडे मारू नका, मारता येत असली तरी, कारण नंतर तिथे तुम्हाला अंधारात पोचायचंय, आणि दाट केस आणि चरबीमुळे रक्ताचा माग फार कमी पडतो. कातडं लगेच सोलायचं, त्या केसांत गरमी अडकून मांस खराब होतं. ४८ तासांत राज्याच्या वन्यजीव डिपार्टमेंटला रिपोर्ट करावा लागतो. वय ठरवायला एक छोटा दात काढून घेतात.

मांसाबद्दल एक गोष्ट नीट वाचा. अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला नावाची कृमी असू शकते आणि थंड प्रदेशातली तिची जात फ्रीझरमध्ये मरत नाही. २०२२ मध्ये साउथ डकोटातल्या एका घरगुती गेट-टुगेदरमध्ये ४५ दिवस फ्रीझ केलेल्या अस्वलाचे कबाब कच्चट राहिले आणि सहा जणांना लागण झाली, त्यातल्या दोघांनी तर मांस खाल्लंच नव्हतं, त्याच्याबरोबर शिजवलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. आतपर्यंत ७४ डिग्री सेल्सिअस गेलंच पाहिजे. आपल्याकडे उत्तर तयार आहे, कुकर. काळा मसाला, सुकं खोबरं, भरपूर शिट्ट्या, एकदम मऊ होतं. बायकोने पहिल्या दिवशी नाक मुरडलं, दुसऱ्या दिवशी रस्सा संपला होता. चरबी वितळवून गाळून ठेवलीय, पराठ्याला लावून बघितली, बेरी खाल्लेल्या अस्वलाची असेल तर वास येत नाही.

इकडच्या मराठी मुलांचे मेसेज येतात म्हणून व्हिसाचं पण लिहितो. एच-वन-बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक जवळ ठेवायला फेडरल कायद्याने बंदी आहे, अपवादांपैकी एक म्हणजे एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते संपलं की अपवादही संपला. ग्रीनकार्डवाल्यांना ही भानगड नाही. आपलं प्रकरण वकिलाला दाखवून घ्या, मित्राच्या व्हॉट्सअपवर विसंबू नका. माँटानात १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन कोर्सही लागतो. आणि भारतातले कोणी वाचत असतील तर तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषयच बंद आहे, मेळघाटातलं अस्वल जिप्सीतून बघायचं. त्यासाठी ही दुर्बीण घेऊ नका, हलत्या जिप्सीत १०× निरुपयोगी आहे, ८×४२ घ्या, ट्रायपॉडचे पैसे वाचतील.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक झाकणांचा आणि त्या चाकाचा कापला. बजेट अगदीच घट्ट असेल तर दुर्बीण तीनशेवाली घ्या पण ट्रायपॉड घ्याच, आणि सेकंडहँड बघत असाल तर जानेवारी-फेब्रुवारीत बघा, एप्रिल जवळ आला की सगळे शोधायला लागतात.